नोटबुकाचे गुणदोष आणि हातांची खुर्ची

विषय : नोटबुक (लहान, उच्च प्रतीचे) – गुणदोषांबाबत अभिप्राय.

संदर्भ : १) मुख्य कार्यालयाचे पत्र. २) त्यावर खाली सही करणाऱ्याने लिहिलेली टिपणी. ३) त्या टिपणीमुळे खाली सही करणाऱ्याची झालेली शोभा.

उपरोक्त विषयी सविनय निवेदन करण्यात येते की… जाऊ द्या. जन्मभर असंच लिहीत आलो, हात आपोआप तिकडे वळतो. चहा आलाच आहे, तर सरळ सांगतो. चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. सगळेच करतात. पण मुख्य कार्यालयाने परिपत्रक काढून देशभरच्या शाखांना नमुना म्हणून पाठवावी, अशी चूक तुमच्यापैकी कोणी केली आहे? मी केली आहे.

हैदराबादेत, आबिड्सला, मोठ्या पोस्टाच्या मागच्या गल्लीत आमच्या महामंडळाचं विभागीय कार्यालय होतं. तिथं लेखनसामग्री विभागात मी वरिष्ठ लिपिक, बिरादार. बावीस वर्षं एकाच टेबलावर. कागद, शाई, टाचण्या, फायलींच्या नाड्या, रजिस्टरं, नोटबुकं. हसू नका. बिरादारच्या सहीशिवाय त्या कार्यालयात टाचणीसुद्धा कशाला टोचली जात नसे.

आणि टिपणी म्हणाल तर आमच्याकडे दोनच प्रकार मानत : टिपणी आणि बिरादारची टिपणी. माझी टिपणी वाचून साहेबांना निर्णय घेता यायचा, आणि घ्यायचा नसेल तर तोही न घेता यायचा. दोन्ही सोयी मी एकाच वाक्यात करून ठेवत असे. हे सोपं नाही. दहा वर्षं लागतात.

एकच गोष्ट राहिली होती. हातांची खुर्ची.

आमच्याकडे लिपिकाला बिनहातांची खुर्ची, अधीक्षकाला हातांची, आणि साहेबांना फिरती, वर पाठीला टॉवेल. अधीक्षकांची यादी कुठल्याशा हरकतीमुळे अडकून पडलेली. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. घरी मी जाहीर करून टाकलं होतं की महामंडळातून उठेन तो हातांच्या खुर्चीतूनच. आमची सुमन, म्हणजे बायको, काचीगुड्याच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "उठा की. आधी बसायला तर मिळू द्या."

आता तो काळ आठवा. देशाने दारं-खिडक्या उघडल्या होत्या. ज्या शहरात टेलिफोनसाठी नाव नोंदवून माणूस म्हातारा व्हायचा, तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर काचेच्या खोलीत संगणक शिकवणारे वर्ग निघाले होते. आमच्या कार्यालयात मात्र एकच संगणक, तोही साहेबांच्या खोलीशेजारी, प्लास्टिकच्या झग्यात. त्याला वातानुकूलन होतं, आम्हाला पंखा. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे, म्हणून मी कधी गेलोच नव्हतो. देवाला जातो तेवढं पुरे.

आवक-जावक सांभाळायला जब्बार भाई. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो आणि तेव्हापासून रोज एक चहा दोघांत वाटून पीत आलो. आलेलं पत्र कोणत्या विभागाचं, हे जब्बार भाई विषयाचा पहिला शब्द वाचून ठरवत. 'रजा' असेल तर आस्थापना. 'देयक' असेल तर लेखा. दुसरा शब्द वाचायची वेळ त्यांच्यावर नोकरीभरात आली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर एके सकाळी जब्बार भाईंनी माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं. मुख्य कार्यालयाचं, तातडीचं. विषय : 'नोटबुक – लहान व उच्च प्रतीचे – वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रवासात वापरण्यासाठी – गुणदोषांबाबत अभिप्राय.' तीन दिवसांत हवा. नमुना वेगळा पाठवण्यात येत आहे.

"नोटबुक है साब," जब्बार भाई म्हणाले. "आपका इच माल है."

आणि नमुना तर समोरच होता. योगायोग बघा, आदल्या दिवशी आबिड्सचाच एक कागदवाला येऊन चामडी बांधणीचं, तळहाताहून थोडं मोठं असं एक सुरेख नोटबुक ठेवून गेला होता. मी दोन आणि दोन जोडले. बेरीज बरोबर आली. फक्त आकडे दुसऱ्याच गणितातले होते.

तुम्हाला सांगतो, पत्र वाचून माझा ऊर भरून आला. बावीस वर्षांत लेखनसामग्रीबद्दल मला 'किती हवी' हे सोडून कोणी काही विचारलं नव्हतं. गुणदोष? अभिप्राय? माझा? मी दोन दिवस दुसऱ्या फायलीला हात लावला नाही. ते नोटबुक मी मांडीवर ठेवून लिहून पाहिलं, उभ्याने लिहून पाहिलं, बसमध्ये लिहून पाहिलं. घरी नेलं. सुमनने विचारलं, हे काय चाललंय. म्हटलं, परीक्षण. ती म्हणाली, नोटबुकं तपासायचीच असतील तर माझी साठ पडली आहेत.

टिपणीत अकरा मुद्दे झाले. सगळे अजून पाठ आहेत. आकार लहान असल्याने प्रवासात सोयीचे. मात्र जाड बोटांच्या अधिकाऱ्यांची गैरसोय होईल. वजन बेताचे, मांडीवर ठेवून काम करता येते. मात्र फार वेळ ठेवल्यास मांडी अवघडते. बाहेरचे आवरण देखणे. मात्र घामाच्या बोटांचे ठसे उमटतात. पृष्ठ फार चकचकीत नसावे, दिव्याची चमक डोळ्यांवर येते. पाठीचा सांधा हे मर्मस्थान. शंभर वेळा उघडमीट करून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. साठवण मर्यादित; भरत आल्यास महत्त्वाचा मजकूर वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवावा. चहा सांडल्यास संपूर्ण निकामी. लहान व मौल्यवान असल्याने चोरीस जाण्याचा संभव. टेबलास बांधून ठेवण्यासाठी कडेला छिद्र असावे. कलम अडकवण्याची सोय असावी. डावीकडे लाल समास सोडावा.

आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत चांगला मुद्दा : 'सदर वस्तूमुळे अधिकाऱ्याची प्रतिष्ठा निश्चित वाढेल. काम वाढेल किंवा कसे, याबाबत या विभागास निश्चित मत देता येत नाही.'

अकरा मुद्द्यांत 'कागद' हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. का लिहीन? नोटबुकात कागद असतो हे कोणाला सांगावं लागतं का?

फाईल साने मॅडमकडे गेली. मॅडम आमच्या नव्या प्रादेशिक व्यवस्थापक. वयाने माझ्या मुलीएवढ्या, दोनच महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेल्या. हैदराबादेत कोणी त्यांच्याशी मराठी बोललं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि माझं मराठी ऐकलं की पुन्हा थोडा मावळायचा. 'परसों' हा शब्द मी गेल्या आठवड्यापासून गेल्या वर्षापर्यंत कशालाही वापरतो, हे त्यांना पटत नसे. त्यांनी टिपणी वाचली, सही केली आणि टिपणी दिल्लीला रवाना झाली.

पंधरा दिवसांनी मॅडमनी बोलावलं. समोर मुख्य कार्यालयाचं पत्र. नमुना वेळेत कोणालाच पोचला नाही, सगळ्या शाखांचे अभिप्राय मात्र आले, आणि सगळ्यांनी विक्रेत्याचं माहितीपत्रक उतरवून काढलं. फक्त हैदराबादने डोकं चालवलं, असं त्यात होतं. आमची टिपणी सर्व शाखांना मार्गदर्शनार्थ पाठवली होती.

"बिरादार, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात, मॅडम. बावीस वर्षं रोज हाताळतोय."

"बावीस?" मॅडमची भुवई वर गेली.

"त्याआधी कॉलेजात होतंच. पण तेव्हा हलक्या प्रतीचं."

मॅडम मोठ्याने हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मला वाटलं, मराठवाड्याकडच्या माणसाच्या बोलण्याला पुणेकर हसतातच. दोघंही खूश होऊन निघालो.

लगेच पुढचा हुकूम आला. सिकंदराबादला एका हॉटेलात चार राज्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक, दिल्लीहून संचालक येणार, आणि बिरादार यांनी नोटबुक प्रत्यक्ष हाताळून आपले मुद्दे समजावून द्यावेत. अधीक्षकांच्या यादीचं संचालक त्याच बैठकीत बघणार होते. मॅडम म्हणाल्या, "नीट करा. तुमचं नाव मी सुचवलंय."

मी नवा शर्ट शिवला. कापडी पिशवीत ते चामडी नोटबुक, तुलनेसाठी आणखी तीन प्रतींची नोटबुकं आणि समास आखायला एक फूटपट्टी घेतली. जब्बार भाई फाटकापर्यंत सोडायला आले. "जाओ साब," म्हणाले, "कुर्सी के हातां लेके इच आना."

सभागृह गार होतं. अर्धवर्तुळात साहेब मंडळी, मधे एक टेबल, टेबलाशेजारी टाय लावलेला विक्रेत्याचा माणूस. टेबलावर मखमली कापड आणि त्यावर एक काळी, चपटी, चकचकीत पेटी. मला वाटलं, आत नोटबुक असेल. म्हटलं, वा, उच्च प्रत म्हणजे काय ते इथं कळलं, वहीला पेटी.

टायवाल्याने ती पेटीच उचलून माझ्या दोन्ही हातांत ठेवली आणि अदबीने म्हणाला, "हे आपलं नोटबुक, सर."

प्लास्टिकच्या झग्यातला तो संगणक, त्याचंच हे पिल्लू. अकरा मुद्दे एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. समास. लाल समास.

डोकं बंद पडलं. पण हात? हात बावीस वर्षांचे सरकारी नोकर, ते आपलं काम करत राहिले. त्यांनी ते यंत्र वहीसारखं उभं धरलं, सांधा डावीकडे, आणि उघडलं. डाव्या पानावर काच, उजव्या पानावर टाइपरायटर. मी मिटलं. पुन्हा उघडलं. बहुतेक मला वाटत असावं की पुढच्या वेळी तरी आत कागद दिसेल. पुन्हा मिटलं.

सभागृहात कुजबुज झाली. "सांधा तपासतायत," कोणीतरी म्हणालं. मागच्या रांगेतला एक जण तर मोजू लागला. चौदा झाले, पंधरा झाले. संचालकांनी टायवाल्याला विचारलं, शंभरपर्यंत टिकेल ना? टायवाल्याच्या कपाळावर घाम आला.

विसाव्या वेळी मी थांबलो. आणि मग सवयीने जे करतो तेच केलं. उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला काचेवर ठेवलं.

काचेवर ओलं, ठसठशीत बोट उमटलं.

मी म्हटलं, आता गेली खुर्ची. संचालक उठले, जवळ आले, दिव्याकडे तिरपं धरून त्यांनी काच पाहिली.

"मुद्दा तिसरा," ते हळूच म्हणाले. "ठसे. आणि चौथाही. चमक. न बोलता दाखवलंत."

टाळ्या पडल्या. नंतर टायवाल्याने यंत्राच्या कडेला असलेलं बारीकसं छिद्र सगळ्यांना दाखवलं. त्यात साखळी अडकवून यंत्र खरंच टेबलाला बांधता येत होतं. समासाबद्दल संचालक स्वतःच बोलले. माणसाने कामात चुकीला जागा ठेवून चाललं पाहिजे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मी मान हलवली. याहून चांगला अर्थ मलाही सुचला नसता. चहा आला तेव्हा चारही राज्यांच्या साहेबांनी आपापले कप त्या टेबलापासून लांब नेऊन ठेवले.

परत येताना मॅडमच्या गाडीत बसलो. गाडी टँकबंडवर, तलावाच्या बांधावर, आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बिरादार, तो समास तुम्ही खरं कशासाठी लिहिला होता?"

"डावीकडे एक इंच लागतो, मॅडम. टाके त्यातूनच जातात."

"कसले टाके?"

"शिवणीचे."

मॅडमनी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. फूटपट्टीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी पिशवीतून ते चामडी नोटबुक काढलं, उघडलं, मिटलं आणि तोंड तलावाकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, बाई रडतायत. वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. मलाच आज दुपारी कळलं."

"मग सध्या एवढ्यावरच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "त्या टिपणीवर माझीही सही आहे."

महिन्याभरात हुकूम निघाला. नवा 'नोटबुक कक्ष', अधीक्षक : बिरादार. खुर्ची आली. सागवानी, वेताची, दोन हातांची. जब्बार भाईंनी आधी स्वतः बसून पाहिलं, मग मला बसवलं. सुमन शाळा सुटल्यावर मुद्दाम बघायला आली आणि खुर्चीभोवती एक फेरी मारून गेली. तसलं एक यंत्रही माझ्या टेबलावर आलं, रीतसर साखळीने बांधलेलं.

आता प्रामाणिक अभिप्राय विचाराल तर देतो, कारण पुढे तीन वर्षं ते मी वापरलं. यंत्र देखणं, यात शंका नाही. वजन एका जाडजूड फायलीएवढं, आणि फायलींची अख्खी कपाटं पोटात घेतं. पण उघडल्यावर जागं होईपर्यंत माझा अर्धा चहा पिऊन व्हायचा. वही उघडली की उघडली. फ्लॉपी घालायची खाच यंत्रात नाहीच, ती वेगळ्या पिशवीत, म्हणजे लहानपणाचं कौतुक तिथंच संपलं. विजेशिवाय दुपारच्या जेवणापर्यंत जेमतेम टिकायचं. मांडीवर ठेवलं की मांडी अवघडत नाही, भाजते. ही दुरुस्ती मी टिपणीत सुचवू शकलो असतो. कळा इतक्या बारीक की जाड बोटांच्या अधिकाऱ्यांबद्दल मी लिहिलं होतं ते अक्षरशः खरं. मोजून पाहिलं, माझ्या अकरांपैकी नऊ मुद्दे त्या यंत्राला लागू पडले. न बघता नऊ. बघून लिहिणाऱ्यांना किती जमले असते?

पण ती खुर्ची. तिच्या हातांवर कोपरं टेकवली की टोचायची. सुमनला एक दिवस सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली. मग वह्या तपासता तपासता म्हणाली, "म्हणजे उत्तर बरोबर आलं, पण प्रश्न दुसराच होता. अशाला मी शून्य देते."

झालं. टिपणी हीच ज्याची अब्रू, त्याला हे कसं सोसावं? मी मॅडमना सांगून, त्यांच्या सहीचा उल्लेख टाळून, मुख्य कार्यालयाला अर्ज लिहिला. अभिप्राय कागदी वहीबाबत होता. तो रद्द समजावा. त्यामुळे मिळालेल्या पदाचा आणि खुर्चीचा फेरविचार व्हावा. अभिमानाने सांगतो, माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम टिपणी तो अर्ज आहे. विषय लिहिला : 'नोटबुक – अभिप्राय मागे घेण्याबाबत.'

दोन महिन्यांनी अर्ज दिल्लीहून परत आला. समासात एक ओळ : 'संबंधित कक्षाने तपासून अभिप्राय द्यावा.'

जब्बार भाईंनी विषयाचा पहिला शब्द वाचला आणि अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"नोटबुक है साब," ते म्हणाले. "आपका इच कक्ष है."

मी अर्ज दोनदा वाचला. अर्जदाराची बाजू भक्कम होती, पण देशभरच्या शाखांनी त्या टिपणीवर खरेदी करून टाकली होती. मी खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकवून विचार केला आणि अर्जावर लिहिलं : 'पाहिले. प्रकरण नाजूक आहे. अर्जदाराशी चर्चा करून सादर करू.'

त्यानंतर मी रीतसर निवृत्त झालो. कक्षात पुढे कोणाची नेमणूक झाली नाही. खुर्ची लेखा विभागाने नेली. जब्बार भाई अधूनमधून घरी येतात, आम्ही एक चहा दोघांत घेतो, आणि ते सांगतात की फाईल अजून त्याच कपाटात आहे.

अर्जदाराशी चर्चा अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.